डोंगररानाची माती: आधी ओळखा, मग कुदळ घाला



आज तुम्हाला डोंगरातल्या रानमातीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण ही माती मी पुस्तकातून शिकलो त्यापेक्षा त्या चुकीतून जास्त शिकलो.

१९९६ सालची गोष्ट. बी. एस्सी. ॲग्री होऊन मला नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, कोयनेच्या खोऱ्याकडची एक वाडी माझ्या हद्दीत होती. तिथे एक शेतकरी होते. सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही म्हणे. त्यांच्या घरामागे डोंगराला लागून दीड एकर मालकीचे रान होते. जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन अशी जुनी झाडे त्यात होती. मुले मोठी झाली, खाचरातला भात वर्षाला पुरेना, तेव्हा हे रान मोडून नाचणी करावी असे तात्यांच्या मनात आले. त्यांनी मला पाहायला बोलावले.

मी पाला बाजूला सारला आणि मूठभर माती उचलली. काळीभोर, भुसभुशीत, हाताला मऊ. मी लगेच म्हणालो, "तात्या, माती सोन्यासारखी आहे. खुशाल करा. खताच्या मात्रा मी लिहून देतो. पड टाकायचीसुद्धा गरज पडणार नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, ही माती वरवरची हाय. खाली नुसतं गोटं हायेत. आमच्या मामंजींनी हितं कधी औत घालू दिलं न्हाई." मी हसलो आणि त्यांना म्हणालो, "काकू, आता शास्त्र पुढं गेलंय."

तात्यांनी रीतसर परवानगी काढली आणि रान मोडले. पहिल्या वर्षी नाचणीची कणसे अशी भरली की शेजारच्या वाडीचे लोक पाहायला आले. दुसऱ्या वर्षी वरी बरी आली. तिसऱ्या वर्षी कारळा कसाबसा आला. जुन्या रीतीप्रमाणे आता जमीन काही वर्षे पड टाकायची; पण मी नको म्हटले आणि खत घालून पुन्हा नाचणी लावायला सांगितली. चौथ्या वर्षी नाचणी वीतभर वाढून पिवळी पडली. जुलैच्या पावसात शेतभर ओघळी पडल्या आणि भाद्रपदात पाहिले तो निम्म्या शेतात मुरूम उघडा पडलेला. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी नेहमीसारखा चहा दिला. तो चहा मला गिळवला नाही.

माझे चुकले कुठे? मी मातीचा वरचा पदर पाहिला आणि खड्डा खणला नाही.

खड्ड्याची भिंत वाचावी

मातीची खरी ओळख मुठीत होत नाही, ती खड्ड्यात होते. दोन हात लांब, दोन हात रुंद आणि निदान तीन फूट खोल खड्डा खणावा. एक बाजू विळ्याने सरळ तासून घ्यावी आणि ऊन तिच्यावर पडेल अशा वेळी पाहावी. डोंगरातल्या रानात ही भिंत साधारण अशी दिसते.

सर्वांत वर यंदाचा वाळका पाला. त्याखाली गेल्या साली गळलेला, अर्धवट कुजलेला पाला. तो उचलला की पांढऱ्या दोऱ्यांसारखी बुरशी दिसते. मग काळा थर. हा कुठे चार बोटे, कुठे वीतभर, क्वचित जास्त. त्यात केसासारख्या मुळांची जाळी असते, गांडुळे असतात आणि माती रव्यासारखी दाणेदार असते. त्याखाली तांबूस किंवा तपकिरी थर लागतो. तो घट्ट आणि ओला असताना चिकट असतो, मुळे विरळ होतात. त्याच्याखाली हाताने फुटणारा कुजका दगड, म्हणजे आपला मुरूम. आणि शेवटी काळा पत्थर.

शास्त्रात या थरांना वरून खाली ओ, ए, बी, सी आणि आर अशी नावे दिलेली आहेत. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालतील. काळा थर किती, तांबडा थर किती आणि मुरूम किती खोलीवर लागला, हे तीन आकडे मात्र लिहून ठेवा. तात्यांच्या रानात मी नंतर खड्डा घेतला. काळा थर पाच इंच भरला असता, पण तो तोवर वाहून गेला होता. शाबूत असलेल्या बांधाखाली तेवढा सापडला. त्याखाली आठ इंच तांबडी माती आणि पुढे मुरूम. म्हणजे सगळी मिळून तेरा इंच. काकू म्हणाल्या होत्या ते अक्षरशः खरे होते.

काळेपणा दोन जातींचा

आपल्याकडे काळी जमीन म्हटले की कसदार, असे मनात बसले आहे. गोदावरी-कृष्णेकाठची कपाशीची काळी जमीन पाहून हे झाले आहे. पण तो काळेपणा वेगळा आणि रानातला वेगळा.

कपाशीची काळी माती चिकणमातीने भरलेली असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात बहुधा चुनखडी असते. दिसायला काळी असली तरी सेंद्रिय पदार्थ तिच्यात फार नसतो. तिचा कस चिकणमातीत आहे आणि तो खोलवर आहे.

रानातल्या मातीचा काळेपणा कुजलेल्या पाल्याचा आहे. ती फुगत नाही, भेगाळत नाही आणि तिच्यात चुनखडी सहसा सापडत नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्बाचे प्रमाण ०.५ टक्क्याच्या खाली आले तर कमी, ०.७५ च्या वर आले तर जास्त समजतात. रानातली वरची माती यात सहज वरच्या वर्गात बसते. पण चार बोटे खाली गेलात की आकडा झपाट्याने उतरतो.

आता हा काळा थर कोण भरतो? झाडे. मुळे खालून अन्न ओढतात, पाने बनवतात, पाने गळतात, कुजतात, आणि तेच अन्न मुळे पुन्हा शोषून घेतात. घरातला पैसा घरातच फिरावा तसे हे आहे. आपल्या उष्ण हवेत पाला लवकर कुजतो, म्हणून साठा कधीच फार मोठा होत नाही. झाड तोडले की भर थांबते. ऊन थेट मातीवर पडते, उरलेला पाला आणखी वेगाने जिरतो. पहिल्या वर्षी पिकाला हे सगळे अन्न एकदम मिळते, म्हणून नाचणी अशी येते की डोळे दिपतात. ते व्याज नसते. आपण मुद्दल खात असतो.

लाल रंग आणि आंबटपणा

सह्याद्रीचा बहुतेक डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पत्थराचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, त्याचे थरावर थर बसले आणि हा दगड झाला. याच दगडाची देशावर काळी माती झाली आणि घाटमाथ्यावर लाल. एकाच आईच्या दोन लेकी अशा वेगळ्या का? पावसामुळे.

महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून खाली वाईला उतरलात की हजार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जिथे धो धो पाऊस, तिथे पाणी मातीतून खाली झिरपताना चुना, मॅग्नेशियम, पालाश असे विरघळणारे पदार्थ धुऊन नेते. न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते. लोहाला हवा लागली की गंज चढतो. आपल्या डोंगरमातीचा तांबडा रंग म्हणजे हाच गंज.

हे धुणे लाखो वर्षे चालले की माती जवळजवळ लोह-ॲल्युमिनियमचीच उरते आणि जांभा बनतो. खाणीत ओला असताना जांभा हत्याराने कापता येतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होतो, हे कोकणातल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे. इंग्रजी राजवटीतला अधिकारी फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडिपुरम भागात लोक याच्या विटा पाडताना पाहिले आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून याला लॅटराइट हे नाव दिले. महाबळेश्वर-पाचगणीची पठारे याच जांभ्याची टोपी घालून बसली आहेत. कोल्हापूरच्या सड्यांखाली ॲल्युमिनियमचे खनिज बॉक्साइट मिळते, तेही याच धुण्याचे फळ.

चुना धुऊन गेला की माती आम्लधर्मी, आपल्या भाषेत आंबट होते. तिचा सामू ७ च्या खाली येतो. पाच-साडेपाचपर्यंत आला की स्फुरदाची अडचण सुरू होते. आपण घातलेले सुपर फॉस्फेट लोह आणि ॲल्युमिनियम पकडून ठेवतात, पिकाला मिळत नाही. तात्यांच्या शेतात माझ्या खताच्या मात्रा वाया गेल्या, त्याचे एक कारण हेही होते.

मात्र सगळीच डोंगरमाती अशी गरीब नसते. विहीर खणताना काळ्या पत्थरातून पांढरे-गुलाबी चकचकीत स्फटिक निघतात, मुले ते खेळायला घेऊन जातात. शास्त्रात त्यांना झिओलाइट म्हणतात. ते झिजताना मातीला चुना पुरवत राहतात. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी सह्याद्री आणि सातपुड्यातल्या मातीचा अभ्यास करून दाखवले आहे की, ज्या खडकात हे स्फटिक आहेत तिथली माती एवढ्या पावसातही आपला कस टिकवून धरते. म्हणून एका डोंगराच्या मातीवरून शेजारच्या डोंगराची परीक्षा करू नये.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

आपल्या वाडवडिलांनीही मातीची वर्गवारी केली होती. ती पुस्तकात नाही, बोलण्यात आहे. डोंगराच्या माथ्यावर सडा. तिथे जांभ्याच्या खडकावर बोटभर माती, पावसात गवत आणि फुले, उन्हाळ्यात नुसता तवा. कासचे पठार हे त्याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण. त्याखाली तीव्र उतारावर वरकस. मुरमाड, उथळ, नाचणी-वरीची. त्याच उतारावर जिथे घळ किंवा राई आहे तिथे काळ्या थराची रानमाती. पायथ्याला वरून वाहून आलेली तांबडी, खोल माती. आणि ओढ्याकाठी भाताची खाचरे.

लक्षात घ्या, ही सगळी एकाच डोंगराची माती आहे. पाणी वरचे बारीक कण उचलून खाली आणते. माथा झिजतो, पायथा भरतो. तुमच्या खाचरातला कस वरच्या रानाने पाठवलेला असतो. रान शाबूत असले तर तो गाळ बनून हळूहळू येतो. रान मोडले तर आधी माती येते, मग वाळू आणि शेवटी गोटे.

शास्त्रातली वर्गवारी

माती ही नुसती दगडाची भुकटी नाही, ती खडक, हवामान, झाडेझुडपे, उतार आणि काळ या पाचांच्या मिळून बनते, हा विचार रशियातल्या दोकुचायेव्ह या शास्त्रज्ञाने १८८३ च्या सुमारास पक्का केला. आजची सगळी वर्गवारी त्या पायावर उभी आहे.

आपल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेने देशातल्या जमिनींचे आठ मोठे गट केले: गाळाची, काळी, तांबडी, जांभी, वाळवंटी, खारवट-चोपण, दलदलीची, आणि वनातली व डोंगराळ. आपली माती या शेवटच्या गटातली. पण या एका गटातही किती तऱ्हा! हिमालयात थंडीमुळे पाला लवकर कुजत नाही, जाड थर साचतो. देवदार-चिडाच्या सुयांचा पाला आंबट असतो. त्यातून झिरपणारे पाणी वरच्या मातीतले लोह धुऊन नेते आणि काळ्या थराखाली राखेच्या रंगाचा थर तयार होतो. अशा मातीला पॉडझॉल म्हणतात, आणि रशियन भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थच राखेखालचा असा आहे. निलगिरीच्या उंच थंड डोंगरात घळीतल्या रानाखाली खोल काळी माती मिळते. आपल्या सह्याद्रीत मात्र पाला लवकर कुजतो, म्हणून थर पातळ.

अलीकडे जगभर बारा वर्गांची पद्धत चालते. तिचे मूळ पुस्तक अमेरिकेत १९७५ साली निघाले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, नागपूरला राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था स्थापन झाली. तिने देशभर खड्डे घेऊन नकाशे तयार केले. त्यातले पाच वर्ग आपल्या डोंगरासाठी कळले तरी पुरे.

पहिला एंटिसॉल: मुरमावर बोटा-दोन बोटांची माती, थर अजून पडलेलेच नाहीत. म्हणजे आपली उघडी वरकस. दुसरा इन्सेप्टिसॉल: थर पडायला लागले आहेत, पण पक्के नाहीत. मध्यम उतारावर ही बरीच आढळते. तिसरा अल्फिसॉल: वरची चिकणमाती झिरपून खालच्या तांबड्या थरात बसली आहे, आणि चुन्यासारखे पदार्थ अजून शिल्लक आहेत. चौथा अल्टिसॉल: तशीच बांधणी, पण धुऊन धुऊन उपाशी झालेली. पाचवा मॉलिसॉल: वरचा थर मऊ, काळा आणि कसदार.

हा पाचवा वर्ग म्हणजे युक्रेन आणि अमेरिकेतल्या गव्हाच्या गवताळ प्रदेशांची माती, असे पूर्वी मानत. ती आपल्याकडच्या पावसाळी डोंगरात, रानाखाली सापडली, याचे शास्त्रज्ञांनाही नवल वाटले. मागे सांगितलेल्या स्फटिकांची ती करामत. पण इथे एक गोष्ट मनावर घ्या. ही माती त्या वर्गात बसते ती तिच्या वरच्या काळ्या थरामुळे. तो थर वाहून गेला तर पुस्तकातसुद्धा तिचे नाव खाली उतरते. तात्यांच्या दीड एकराचे चार वर्षांत हेच झाले.

घरच्या घरी परीक्षा

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मुलांना हाताशी घ्या, त्यांचाही अभ्यास होईल.

खोली: वर सांगितल्याप्रमाणे खड्डा घ्या. मुरूम लागेपर्यंत माती २५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे दहा इंचांहून कमी असेल तर अति उथळ समजावी. दहा ते वीस इंच म्हणजे उथळ. अशा मातीला नांगर लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

उतार: दहा फुटांची सरळ काठी घ्या. वरचे टोक जमिनीला टेकवा, खालचे टोक उचलून काठी पातळीत धरा. अर्धी पाणी भरलेली बाटली काठीवर आडवी ठेवली की पातळी कळते. खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. एक फूट भरली तर दहा टक्के उतार. तीन फूट चार इंच भरली तर तेहतीस टक्के.

पाणी जिरणे: दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा मातीत चार बोटे रोवा आणि तांब्याभर पाणी ओता. एकदा रानात, एकदा शेजारच्या उघड्या वरकसात. दोन्हीकडे किती वेळ लागतो तो मोजा. एकदा हे डोळ्यांनी पाहिले की रान पाणी कसे धरते ते कुणी सांगावे लागत नाही.

सामू: यासाठी नमुना माती परीक्षण केंद्राकडे पाठवावा. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना सुरू झाली. पत्रिका आली की ती ट्रंकेत टाकू नका. सामू, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद हे तीन आकडे वाचा, समजले नाहीत तर विचारा.

आता एक हिशेब पाहा. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे ३,६३० घनफूट, म्हणजेच ३६ ब्रास. विकत आणायची झाली तर किती पैसे पडतील याचा अंदाज तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. डोंगरावर एवढी माती बनायला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून ती जायला काही पावसाळे पुरतात.

कोणत्या जमिनीला काय द्यावे

जमिनीच्या उपयोगाप्रमाणे शास्त्रात आठ प्रती मानतात. पहिल्या चार पिकांच्या. पुढच्या चार गवत, झाडे आणि वन्य जीवांच्या. आपली जमीन शेवटच्या चारांत असली म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. तिला पेलेल तेवढेच काम सांगावे, इतकाच त्याचा अर्थ.

तेहतीस टक्क्यांच्या वर उतार असेल तर तिथे नांगर नकोच. असलेली झाडे राखावीत, मोकळ्या जागी हिरडा, जांभूळ, आंबा, फणस, बांबू लावावा. त्याहून कमी उतार असेल आणि माती खोल असेल तरच पायऱ्यांची ताल घालावी. ताल घालताना वरची काळी माती आधी खरवडून एका बाजूला ठेवावी आणि पायरी तयार झाल्यावर परत वर पसरावी. यंत्राने एका दिवसात सपाटी होते, पण काळी माती तळाला आणि मुरूम वर येतो. मग पुढची दहा वर्षे आपण मुरमाला खत घालत बसतो.

मध्यम उतारावर नाचणी-वरी करायची असेल तर ओळी उताराला आडव्या धराव्यात. दर काही ओळींनंतर गवताचा पट्टा सोडावा आणि बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचराला चांगला होतो. पड टाकण्याची जुनी रीत मोडू नये. जमीन पड असते तेव्हा ती रिकामी नसते, रान परत येऊन तिचा काळा थर भरत असते.

आंबट मातीला पत्रिकेतल्या शिफारशीप्रमाणे बारीक चुना पेरणीच्या काही आठवडे आधी द्यावा. स्फुरद शेणखतात मिसळून मुळाजवळ द्यावे, फेकून देऊ नये. अशा मातीत दगडी स्फुरदही लागू पडते. खाचरात पाणी साचले की आंबटपणा आपोआप कमी होतो आणि अडकलेले स्फुरदही सुटते, म्हणून भाताला ही अडचण नाचणीइतकी जाणवत नाही.

पाला, राब आणि जळण

घरातल्या माताभगिनींना मुद्दाम सांगतो, कारण पाला गोळा करणे, जळण आणणे आणि राब भाजणे यांचा बराच भार तुमच्यावर असतो. राबामागे अक्कल आहे. राख आंबट मातीला गोडवा देते आणि तणाचे बी मारते. पण त्यासाठी दर साली ऐन-किंजळीच्या फांद्या छाटल्या आणि रानातला पाला झाडून आणला, तर रानाचे मुद्दल आपण आपल्या दाराशी जाळतो. त्यापेक्षा रोपांसाठी गादीवाफे करावेत, त्यांत कुजलेले शेणखत घालावे. पाला न्यायचाच असेल तर वाटेच्या, बांधाच्या कडेचा न्यावा. उतारावरच्या झाडाखालचा पाला जिथे पडला तिथेच राहू द्यावा. चुलीतली राख मात्र वाया घालवू नका. परसातल्या भाजीला ती फार चांगली.

दरडीविषयी दोन शब्द

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेवर माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इरशाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी, आणि अतिवृष्टी सगळीकडे होती. रान असले की दरड येतच नाही, असे मी म्हणणार नाही. मुळे वरचे काही फूट धरून ठेवतात. खाली गुळगुळीत पत्थर आणि वर पाण्याने फुगलेला मुरूम असेल तर मुळांचाही इलाज चालत नाही. पण उतार मधेच कापणे, डोंगराचा पायथा खणणे आणि पाण्याच्या जुन्या वाटा बुजवणे, हे आपल्या हातातले आहे. घरामागच्या उताराला नवी भेग दिसली, झाडे एका अंगाला कलली, नेहमीच्या झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आले, तर रात्र तिथे काढू नका. आधी माणसे हलवा, मग तहसीलला कळवा.

तात्यांचे दीड एकर

२००१ साली मी बदलीचा कागद हातात घेऊन तात्यांचा निरोप घ्यायला गेलो. त्या वेळी खड्डा घेतला तो मागे सांगितला आहे. खड्ड्यात उभा राहून मी दोघांसमोर कबूल केले की, चूक माझी होती. तात्या म्हणाले, "सायेब, तुम्ही तरी परत आलात." मग आम्ही ठरवले की, वरचा एक एकर पुन्हा झाडांना द्यायचा आणि खालच्या अर्ध्या एकरात ताल घालून एक साल नाचणी, एक साल वरी, मग पड. हिरड्याची आणि जांभळाची रोपे मी स्वतः नेऊन दिली. बाकीचे रान जुन्या बुंध्यांतून आपोआप फुटले.

गेल्या दिवाळीत तिकडे जाणे झाले. तात्या आता नाहीत. काकू थकल्या आहेत, पण मला घेऊन त्या रानापर्यंत आल्या. हिरडा घराहून उंच झाला आहे. मी पाला सारला आणि या वेळी मूठ न भरता खुरप्याने नीट कापून पाहिले. काळा थर जेमतेम दोन बोटे भरला. चोवीस वर्षांत दोन बोटे. पूर्वी तो पाच इंच होता.

काकूंनी तेवढी माती पुन्हा जागेवर दाबली, वर पाला ओढला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता, वाढतीया."

तुमच्या घरामागेही असे एखादे रान असेल. ते मोडायचा विचार मनात आला तर कुणाही अधिकाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. आधी खड्डा खणा, तीन आकडे लिहा, काठीने उतार मोजा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की, त्यांनी तिथे औत का घातले नव्हते.